वापसीचा माल

"एवढे नाही, ताई," असं म्हणून मेडिकलवाल्या बन्सीलालभाऊंनी मी काउंटरवर ठेवलेल्या पाचशेच्या नोटांतल्या तीन उचलल्या, बाकीच्या बोटांनी माझ्याकडे परत सरकवल्या आणि वर चारशे रुपये सुटे दिले. "अकराशे फक्त." मी हातातल्या खोक्याकडे पाहिलं. शिरेतून द्यायचं लोहाचं इंजेक्शन. खोकं एवढंसं, मुठीत मावेल असं, आणि त्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलेली किंमत चार हजारांच्या वर. ती मी घेतल्या घेतल्या वाचली होती, मग उजेडाकडे धरून परत वाचली होती, आणि मगच पर्स उघडली होती. पैसे वाचले की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला मानेपासून खाली गार वाटत गेलं. कडेवर चिमी होती, सात महिन्यांची, तिनं माझ्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती, आणि मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "जुना माल आहे का, भाऊ?" बन्सीलालभाऊ हसले. "तारीख बघा ना, ताई. केळी आहे का डाग पडायला?" मागे उभा असलेला माणूसही हसला. मी तारीख पाहिली. पुढच्या वर्षाच्या शेवटाची होती. "मग हे चार हजार कोणाचे?" "कोणाचे म्हणजे? छापतात तसं. मोठ्या ठिकाणी छापील लागतो, कुठे निम्मा लागतो, आम्हाला खाली पडतो, आम्ही खाली देतो. ज्याचं त्याला जमतं तसं." "आणि मागच्या वर्षीही असंच होतं?" हे मी का विचारलं ते त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद हातात घेत ते म्हणाले, "पहिल्यापासून असंच आहे, ताई. तुम्ही आजच विचारलं."

रिक्षात बसले तेव्हा कानात ते इंजिन परत सुरू झालं होतं. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन लांबून ऐकू यावं तसा माझाच ठोका मला हल्ली ऐकू येतो, जिना चढला की, चिमीला उचललं की, कधी नुसतं दचकलं की. डॉक्टर म्हणाले होते, रक्त इतकं कमी आहे की हृदयाला तेच तेच रक्त घाईघाईनं फिरवावं लागतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं, आणि मग रडू आलं होतं. गोळ्या मला पचत नव्हत्या, घेतल्या की उलटून पडत. अंगावर पिणारं लेकरू, आणि मी काय खात होते? कच्चे तांदूळ. डब्यात हात घालून मूठभर, माझा नवरा भूषण वरणगावला ड्यूटीवर गेला की. दातांखाली ते कुरकुर फुटले की जिवाला शांत वाटायचं. मांडे भाजायचं मातीचं खापर धुतल्यावर त्यातून जो ओल्या भाजलेल्या मातीचा वास येतो त्यासाठी मी एकदा शेजारच्या कामिनीवहिनींच्या घरी काम नसताना जाऊन बसले होते. आणि दोन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, खिडकीशी उभी असताना डोळ्यांपुढे काळं आलं आणि मला हातच उरले नाहीत. चिमी सुटली. खाली धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, दुपट्यांचा, घड्या करायच्या राहिल्या होत्या, त्या आळशीपणावर माझं लेकरू पडलं. रडलंही नाही. टकमक बघत राहिलं. मी शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि तिच्या टाळूवर हात ठेवायला मला हात सापडत नव्हता. हे मी भूषणला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. आईला नाही.

आई. रिक्षा पुलावर अडकली होती आणि मी खोकं मुठीत घट्ट धरून बसले होते. हेच खोकं. ह्याच रंगाचं नसेल, ह्याच कंपनीचं नसेल, पण हेच. मागच्या वर्षी धुळ्याला माझ्या भावाकडे, हेमराजभाऊकडे, दिवाळीनंतर आई राहायला गेली होती, चोपड्याहून, कारण पाळी जाण्याआधीची दोन वर्षं तिच्या अंगावर जातच राहिलं होतं आणि शेवटी ती पिवळीसुद्धा दिसेनाशी झाली होती, नुसती पांढरी, पिठात हात घालून तोंडावरून फिरवल्यासारखी. पावलं सुजायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, शिरेतून लोह द्या, एक आता, एक पुढच्या आठवड्यात. मी तेव्हा पोटुशी होते, गेले नव्हते. फोनवर विचारलं तर आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "चार हजारनं एक शे. नको. मी गूळ-शेंगदाना खास." गूळ-शेंगदाणे खाऊन तिचं भागणार होतं. मी म्हटलं पैसे आम्ही पाठवतो, भूषणनंही म्हटलं. ती म्हणाली, "तुन्हा बायतपनले ठेव." आणि तिला भेटायला आलेल्या बाबांच्या हातात फोन दिला. बाबांनी, ते नेहमी करतात तसं, पावसाचं विचारलं. मी समजले की किंमत आडवी आली. चार हजार नावाची एक भिंत आहे, आणि आई तिच्यापलीकडे आहे. त्यावर माझा विश्वास इतका बसला होता की मी स्वतः आज ते चार हजार घेऊनच दुकानात गेले होते. भाव करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आमचं घर बाजारभावाचं घर. केळी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरात सकाळी देवाआधी भाव येतो. नवतीचा काय, पिलबागचा काय, वापसीचा काय. नवती म्हणजे पहिल्या लागणीची, एक नंबरची केळी. पिलबाग म्हणजे झाड कापल्यावर त्याच्याच बुंध्याशी जे पिल्लू राहतं त्याची. आणि वापसी म्हणजे व्यापाऱ्यानं बाजूला काढलेला घड, बारका, डागी, कसाही. हे शब्द मला बाराखडीआधी येत होते. आई अक्षर वाचत नाही पण आकडा वाचते, काट्यावरचा, पावतीवरचा, चपलेच्या तळव्यावर चिकटवलेला. भांडी, साड्या, मजुरी, बैलजोडी, सगळ्याचा भाव ती करते, आणि हसत करते, समोरच्याला वाटतं आपणच जिंकलो. फक्त दोन गोष्टींचा करायचा नाही. देवीच्या ओटीचा आणि औषधाचा. ओटीचा भाव केला तर देवी तोंड फिरवते, औषधाचा केला तर गुण येत नाही. मला लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा चोपड्याच्या दुकानात बाबांनी "जरा कमी करा" म्हटलं होतं आणि आईनं तिथेच, लोकांसमोर, बाबांच्या हातातली पिशवी ओढून घेतली होती. "बठ्ठ्याना भाव करा. पोरना करू नका." मला त्या वाक्यातलं पोर अजून आठवतं. तापात होते, आईच्या खांद्यावर गाल होता, आणि खांदा हलत होता.

घरी आल्यावर चिमीला पाजत पाजत मी हेमराजभाऊला फोन लावला. मला ओरडायचं होतं. कोणावर ते ठरत नव्हतं, त्याच्यावर तर त्याच्यावर. "भाऊ, ते इंजेक्शन अकराशेला मिळतं. अकराशेला! आपल्याला कोणी सांगितलं नाही." पलीकडे वाहनांचा आवाज होता, तो धुळ्यातल्या देवपूरच्या रस्त्यावर कुठेतरी उभा असावा. "सांगितलं होतं की," तो म्हणाला. मला वाटलं ऐकू नीट आलं नाही. "काय?" "अगं, इथल्या मेडिकलवाल्यानंही कमीच सांगितलं होतं. हजार-बाराशे काहीतरी. मी पाकीट काढलं होतं हातात. आईनं माझा हात धरला. आधी ते खोकं उलटंपालटं केलं, आकडा बघितला, मग त्या दुकानदाराकडे बघितलं. तुला माहीत आहे ना ती कशी बघते. आणि मला बाहेर घेऊन आली. म्हणे, चारना माल एकमा देस म्हंजे तो वापसी शे. माले वापसी टोचू नको." चिमी प्यायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. "मग म्हटलं छापील देऊन दुसरीकडून घेऊ, तर तेही नको, इतले पैसे मन्हावर नको. झालं. घरी आलो." "आणि तू?" "मी काय? तिच्यापुढे कोण बोलतं?" मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, दिपा. क्षणभर मलाही तेच वाटलं."

फोन ठेवून मी चिमीला दुसऱ्या बाजूला घेतलं. मला वाटलं होतं एक भिंत आहे. भिंत नव्हतीच. एका खोक्यावर एक आकडा छापलेला होता, त्याला काही अर्थ नव्हता, आणि कोणीतरी तो छापला होता कारण छापता येतो. चार हजार म्हटले म्हणून आई दचकली, एक हजार म्हटले म्हणून आई पळाली. त्या दोन आकड्यांच्या मधे उभी राहून ती वर्षभर पांढरी होत गेली. कोणी तिला नाही म्हटलं नव्हतं. कोणी लुबाडलं नव्हतं. तो धुळ्याचा दुकानदार तर चांगलाच माणूस निघाला. हे कोणाला सांगायचं, आणि सांगून तोंड कसं करायचं? आणि "जुना माल आहे का" हा माझ्याच तोंडातून आलेला प्रश्न, तो कुठून आला होता? मी बी.कॉम. केलंय. आरशात पाहिलं, खालची पापणी ओढून, डॉक्टर बघतात तशी. आतून फिकट, साय धरल्यासारखी. आईची अशीच असणार. पापणी, आणि तो प्रश्नही.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, उद्या मला बाटली लावणार आहेत. बाकी काही सांगितलं नाही. "मंग पोरले कोन धरी?" ती म्हणाली. "मी येस सकायनी यष्टीवर." यंदाही दिवाळीला गेलेली ती अजून धुळ्यालाच होती. बाबा एकटे चोपड्याला, कापूस वेचणीला आलेला. नको म्हणायचा मला धीर झाला नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, मग आमचं जळगाव, अख्खा रस्ता सुजल्या पावलांनी. पण मला ती हवी होती. ते एवढं साधं होतं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट होती. मी आधी जाऊन पलंगावर पडले होते, कामिनीवहिनी चिमीला घेऊन बसल्या होत्या, आणि आई दारात आली तेव्हा तिनं आधी चौकट धरली, मग श्वास घेतला, मग हसली. "कशी शे मन्ही पिलबाग?" चिमीला ती तेच म्हणते. कामिनीवहिनी हसून लोटपोट. "अहो आक्का, नातीला कोणी केळी म्हणतं का?" "केळी कोन म्हनस? केळी हाई," आईनं माझ्याकडे हनुवटी केली, "कापेल. ती पिलबाग." मग ती खुर्चीवर नीट बसली, पदर आवरला, मांडी जुळवली, आणि तेव्हाच हात पुढे केले. "दे आते." गुडघे दुखतात म्हणून ती बाळाला नेहमी बसूनच घेते. कामिनीवहिनी स्वयंपाक टाकून आल्या होत्या, त्या गेल्या. सिस्टरनं माझ्या हातात सुई घातली, बाटलीत ते औषध सोडलं, आणि बाटलीतलं पाणी काळपट तांबडं झालं, काकवीसारखं. थेंब पडायला लागला. आई त्या थेंबाकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी छताकडे बघत होते, आणि मला माहीत होतं काय होणार आहे, कारण खोकं तिथेच होतं, टेबलावर, आकडा तिच्या बाजूला.

तिनं एका हातानं चिमीला धरलं आणि दुसऱ्यानं ते उचललं. "कितलाले लिधं?"

आता काय सांगायचं? चार हजार म्हणाले असते तर ती गप्प बसली असती, माझ्यासाठी तिला काही महाग नाही, आणि स्वतःसाठी पुन्हा कधी हे नाव घेतलं नसतं. अकराशे म्हणाले असते तर तिनं माझ्या हातातली सुई काढली असती. रात्रभर मी दोन्ही उत्तरं घोळवली होती आणि वाटलं होतं की वेळ आली की एक सुचेल. थेंब पडत होता. कानातलं इंजिन चालू होतं.

"छापील चार हजार आहे," मी म्हणाले.

"छापेल दिखस मले. तू कितला दिधा?"

"अकराशे."

ती उठायला लागली, चिमीला घेऊनच, आणि परत बसली, जड. "काढ ते. सिस्टरले हाक मार. तुले फसाडं त्यानी."

"आई, ऐक."

"वापसी शे ते! तुन्हा अंगमा चाली राहिनं आनि तू पडेल शेस!"

मी उठून बसले. नळी ताणली गेली, हातात कळ आली. लग्न होऊन जळगावात आल्यापासून मी तिच्याशीसुद्धा फोनवर शुद्धच बोलत आले आहे, कोण ऐकतंय म्हणून, कोणास ठाऊक. त्या वेळी ते कुठे गेलं कळलं नाही. आमच्या अहिराणीतच म्हटलं, आई, ज्या साली आपली नवती चांगली आली होती, लांबच लांब घड, पेपरात भाव केवढा आला होता? आणि व्यापाऱ्यानं बांधावर येऊन कितीला कापली? निम्म्याला. निम्म्याला कापली आणि तू सगळ्यांना पाणी दिलंस. ती केळी वापसी होती का? सांग ना. वापसी होती का ती? पेपरात छापतात ते एक आणि हातात पडतं ते एक, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं पटलं. ती हळू म्हणाली, "ती केळी व्हती, दिपा. हाई रगत शे तुन्हं."

मी परत उशीला टेकले. सगळं बरोबर सांगून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. चिमी त्या काळपट बाटलीकडे बोट करून काहीतरी बोलत होती, तिच्या भाषेत, लाळेसकट. मग माझ्या तोंडून निघालं, न ठरवता, "आई, मन्हा हातमाईन पोर सुटी गई."

"कोन?"

"हाईच. उभी व्हतू. डोळासमोर अंधार उना आनि सुटी गई. कपडास्वर पडनी म्हनीसन वाचनी." आणि मी सांगत गेले, फरशी कुठे होती, ढीग कुठे होता, दोन्हींमधे किती वीत अंतर होतं, घडी केली असती तर, मी एक पाऊल इकडे असते तर. आईचा हात चिमीच्या टाळूवर गेला आणि तिथेच राहिला. तिचा चेहरा मी एवढा उघडा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं आता बोलणार, लेकरू सांभाळता येत नाही का म्हणणार, आणि तेच बरं झालं असतं.

"म्हनीसनच मी बठीसन लेस तिले," ती म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. गुडघे नव्हेत. कधीच गुडघे नव्हते. बारशाला, सव्वा महिन्याला, प्रत्येक वेळी आधी भिंतीशी बसायची, मांडी जुळवायची, मगच म्हणायची, दे आते. आम्ही हसायचो, महाराणीसारखी बसते म्हणायचो. तिलाही ते काळं येत होतं. तिला माहीत होतं की तिचे हात कधीही निघून जातील, आणि तिनं ते कोणाला न सांगता आपल्या नातीला जमिनीच्या शक्य तितकं जवळ धरलं होतं. सात महिने. मी तिला म्हणणार होते, किती मूर्ख आहेस, किती, पण डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, आडवं पडल्यामुळे.

बाटली अर्धी झाली होती. आईनं चिमीला उचललं नाही, बसल्या बसल्याच पलंगावर माझ्या कुशीत सरकवलं, माझा मोकळा हात तिच्याभोवती आणून ठेवला, तो बसला की नाही ते चाचपून पाहिलं. मग भिंतीला धरून उठली आणि दाराबाहेर गेली. मला वाटलं गेली. बस स्टँडवर, धुळ्याला, चोपड्याला, कुठेही. नळी हातात होती, लेकरू कुशीत होतं, मला उठता येत नव्हतं, हाक मारली तर चिमी दचकली असती. मी तशीच दाराकडे बघत पडले. तिची चप्पल मात्र खुर्चीखालीच होती, आणि बाहेरून तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक, अनोळखी घरात पाणी मागावं तसा. "बाई, हाई माले बी लावानं सांगेल शे. वरीस व्हई गयं." मग थोडं थांबून, "बांगड्या काढना पडतीन का?"

"आधी डॉक्टर तपासतील, मावशी," सिस्टर म्हणाली. दोघी दारात आल्या होत्या. "आणि काढाव्या लागल्याच तर एकाच हातातल्या. मनगट बघू?"

आईनं दोन्ही हात पुढे केले.